मुंबई–लंडन विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बहीण लग्न होऊन लंडनच्या हॅरो भागात गेली तेव्हापासून आमच्या घरात तिकिटं काढायचं खातं माझ्याकडे आहे. आई-बाबा, दोन्ही मावश्या, एकदा तर बहिणीच्या सासरचे आजोबा, सगळ्यांना मीच सहारच्या विमानतळावर सोडलंय आणि प्रत्येक वेळी तेच प्रश्न ऐकलेत. पहिला ठरलेला: "किती तास गं?" याला एक उत्तर नाही. चार तरी आहेत, आणि चारही खरी. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

मुंबई ते लंडन हवाई अंतर नेमकं किती?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर साधारण ७,२१० किलोमीटर आहे. मैलांत सुमारे ४,४८०. पायलट मंडळी नॉटिकल मैल वापरतात, त्यात ३,८९० च्या आसपास. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसले की लोक गोंधळतात, पण बहुतेक वेळा तो मैलांच्या या दोन जातींचा घोळ असतो.

उरलेला दहावीस किलोमीटरचा फरक कुठून कुठे मोजलं त्यावर येतो. शहराच्या मध्यापासून की विमानतळापासून, हीथ्रो की लंडनचाच दुसरा विमानतळ गॅटविक. सात हजारांच्या हिशेबात तो सोडून द्या.

सगळ्यात जवळची वाट नक्की कुठून जाते?

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा मुंबईतून थेट वायव्येला निघतो, सौराष्ट्रावरून जातो आणि जवळजवळ बरोबर कराचीच्या डोक्यावर येतो. मग बलुचिस्तान, पूर्व आणि उत्तर इराण, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा. अर्धी वाट जॉर्जियाच्या आसपास संपते. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी, आणि मग लंडन.

आता भिंतीवरच्या शाळेतल्या नकाशावर पट्टीने रेघ ओढा. ही रेघ होर्मुझच्या सामुद्रधुनीवरून, बगदादजवळून, दक्षिण तुर्कस्तानातून आणि बोस्नियातून जाते. सरळ दिसते, पण गोलावर मोजली तर ७,४०० किलोमीटर भरते, म्हणजे दोरीपेक्षा जवळपास २०० किलोमीटर लांब. सपाट कागदावर गोल पसरला की सरळ आणि जवळचं यांची फारकत होते. संत्र्याची साल टेबलावर सपाट करायला गेलात तर कळेल.

माझ्या बाबांना हे पटायला दोन चहा लागले होते.

ठीक आहे. पण तास किती?

मुंबईहून लंडनला जाताना नॉनस्टॉप विमानाला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास. लंडनहून परत येताना साधारण साडेआठ ते साडेनऊ.

हिशेब असा. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखं विमान उंचीवर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. ७,२१० भागिले ९०० म्हणजे आठ तास. मग वरचे दीड-दोन तास कुठे जातात? थोडे वर चढण्यात आणि खाली उतरण्यात, कारण तेव्हा वेग कमी असतो. थोडे जमिनीवर, धावपट्टीच्या रांगेत. थोडे समोरून येणाऱ्या वाऱ्याला. आणि बाकीचे राजकारणाला. शेवटच्या दोघांची कहाणी मोठी आहे, खाली येतेच.

तिकिटावर दहा तास आणि कॅप्टन म्हणतो नऊ तास दहा मिनिटं. खरं कोण बोलतंय?

दोघंही. तिकिटावरची वेळ धरतात ती विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते दुसऱ्या गेटवर जाऊन उभं राहीपर्यंत. कॅप्टन सांगतो ती फक्त हवेतली वेळ. मुंबईला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि रात्रीच्या गर्दीत विमान रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज रखडतं. एअरलाइन्सना हे पाठ असतं, म्हणून वेळापत्रकातच थोडी वेळ राखून ठेवतात. विमान अर्धा तास उशिरा निघून "वेळेवर" पोचतं, त्यामागे चमत्कार नसतो. आपण नाही का, आठचं जेवण असलं की पाहुण्यांना साडेसातला बोलावतो?

जाताना जास्त आणि येताना कमी, असं का? पृथ्वी फिरते म्हणून का?

हा आमच्या ग्रुपवरचा सर्वांत लाडका सिद्धांत. विमान वर गेलं की खालून पृथ्वी सरकते आणि लंडन दूर जातं! तसं नसतं. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच.

खरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात यातला एक पट्टा उत्तर भारत, इराण आणि आखाताच्या उत्तरेवर येऊन बसतो आणि त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. लंडनला जाताना हा वारा छातीवर घ्यावा लागतो, येताना तोच पाठीला लागतो.

आकड्यांत पाहा. सबंध वाटेवर सरासरी फक्त ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला तरी जाताना जमिनीच्या मानाने वेग ८२० राहतो आणि येताना ९८० होतो. तेवढ्याच ७,२१० किलोमीटरला एकीकडे आठ तास अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात, दुसरीकडे सात तास एकवीस. म्हणजे जवळपास दीड तासाचा फरक एकट्या वाऱ्याचा.

पावसाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे, हिमालयाच्या पलीकडे सरकतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये जायला जरा कमी वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत जाणं सगळ्यात लांब आणि येणं सगळ्यात झटपट. सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्यात वाऱ्याचा वेगही दाखवतात. सिनेमे बघून कंटाळा आला की तो बघा. माझ्या आईला तर तेवढाच आवडतो.

विमानं आता त्या सगळ्यात जवळच्या वाटेने का जात नाहीत?

कारण त्या दोऱ्याखाली जे देश येतात त्यांच्या आकाशाची कुलपं सारखी लागत-उघडत असतात.

कराचीपासून सुरुवात करा. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीस पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते पूर्ण उघडायला जुलै उजाडला. मग २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना पुन्हा मनाई झाली आणि काही दिवसांत भारतानेही पाकिस्तानी विमानांसाठी तेच केलं. ही मनाई विमान कोणत्या देशाचं आहे ते बघून लागू होते, आत बसलेल्या प्रवाशांवरून नाही. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच विमानतळावरून निघालेली भारतीय आणि ब्रिटिश एअरलाइनची विमानं वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. याचा खरा फटका दिल्ली-अमृतसरला. मुंबईला समुद्र शेजारी आहे, अरबी समुद्रावरून ओमानकडे वळलं की पाकिस्तान टळतो.

पुढे इराण आणि इराक. तिथे तणाव वाढला की आकाश काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी बंद होतं, २०२५ च्या जूनमध्ये झालं तसं. आणि दोऱ्याचा तिसरा तुकडा, युक्रेन, तर २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंदच आहे.

मग उरतं काय? मस्कत, आखात, इराक, तुर्कस्तान, बाल्कन देश. ही वाट ७,४०० ते ७,६०० किलोमीटर भरते. गंमत बघा, आपण मघाशी शाळेच्या नकाशावर पट्टीने ओढलेली "चुकीची" रेघ याच भागातून जात होती! इराकही टाळायचा झाला तर सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून, रियाध-कैरो करत, जवळपास ७,९०० किलोमीटर. म्हणजे दोऱ्यापेक्षा ७०० किलोमीटर जास्त, पाऊण-एक तासाचा फेरा. तिकीट काढताना जे तास दिसतात ते त्या मोसमातल्या वाटेचे असतात. दोन वर्षांपूर्वी आत्या किती तासांत पोचली होती ते आता उपयोगाचं नाही.

लंडन आपल्यापेक्षा किती मागे? कोणी साडेपाच म्हणतं, कोणी साडेचार.

हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपण काहीच करत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर, मिर्झापूरच्या बाजूला बांधलेलं आहे आणि ते वर्षभर तसंच चालतं.

दिवाळीच्या सुमारास प्रवास असेल तर नीट बघा. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार कधी दिवाळीच्या आधी येतो, कधी नंतर. लक्ष्मीपूजनाला व्हिडिओ कॉल ठरवलेला असतो आणि एक बाजू तासभर आधीच नटूनथटून बसते, हे आमच्याकडे झालेलं आहे.

जाता जाता एक गोष्ट. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. शहरात "मुंबई टाइम" १९५५ पर्यंत कुठे ना कुठे चालू होता, आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. म्हणजे तेव्हाच्या मुंबईकराला विचारलं असतं तर त्याने ग्रिनिचच्या वेळेतला फरक चार तास एक्कावन्न मिनिटं सांगितला असता. सूर्याच्या हिशेबाने तोच बरोबर होता.

रात्री दोनला निघालं, सकाळी साडेसहाला पोचलं. मग प्रवास साडेचार तासांचाच ना?

नाही. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, दोन्ही शहरांच्या वेळा एकाच कागदावर छापतात म्हणून भल्याभल्यांचा घोळ होतो. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची लंडनची.

सोपा उपाय म्हणजे सगळं आधी भारतीय वेळेत मोजायचं. जानेवारीत मुंबईहून रात्री २ ला निघालं, १० तास उडालं, भारतात दुपारचे १२ वाजले. त्यातून साडेपाच वजा केले की लंडनला सकाळचे ६:३०. हेच मे महिन्यात केलं तर साडेचार वजा, म्हणजे ७:३०.

परतीला उलट. जानेवारीत लंडनहून रात्री ९:३० ला निघालं, ९ तास लागले, लंडनच्या घड्याळात सकाळचे ६:३०. त्यात साडेपाच मिळवा, मुंबईत दुपारचे १२. उजेडाची जेवणं आणि अंधाराची झोप यांचा पार खिचडा होतो तो इथे.

दुपारी निघालो तर सूर्य मावळतच नाही म्हणतात. खरं का?

मावळतो, पण रेंगाळतो. पश्चिमेला जाताना आपण सूर्याचा पाठलाग करत असतो. पन्नास अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,०७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकतो आणि विमान त्यापेक्षा थोडंच हळू असतं. त्यामुळे सूर्याला पुढे जायला खूप वेळ लागतो. जूनमध्ये तर लंडनला रात्री नऊनंतरही उजेड असतो, म्हणजे दिवस संपायचं नावच घेत नाही. उजवीकडच्या खिडकीपेक्षा डावीकडची, दक्षिणेची बाजू जास्त तापते. झोपायचं असेल तर उजवी बाजू घ्या.

लंडन खाली दिसतंय आणि विमान गोल गोल फिरतंय. काही बिघाड आहे का?

बहुतेक वेळा रांग आहे. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी तो एक आहे. गर्दी झाली की विमानांना शहराभोवतीच्या चार ठरलेल्या जागी एकाखाली एक घिरट्या घालायला लावतात: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल. सगळ्यात खालचं विमान उतरायला निघालं की वरची एकेक पायरी खाली येतात. दहा-वीस मिनिटं जातात. आसपासच्या लोकांची झोप मोडू नये म्हणून तिथे रात्रीच्या विमानांवर कडक मर्यादा आहेत. त्यामुळे लवकर पोचलेल्या विमानालाही पहाटे कधी कधी थांबावं लागतं.

दुबईमार्गे गेलं तर किती लांब पडतं?

अंतराने फारसं नाही. मुंबई–दुबई साधारण १,९३० किलोमीटर, दुबई–लंडन ५,५०० च्या जवळ. बेरीज ७,४३०. दोऱ्यापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त, कारण दुबई वाटेवरच आहे.

वेळेने मात्र पडतं. हवेतले तास तीन आणि साडेसात असे मिळून साडेदहाच्या आसपास होतात, पण मधला मुक्काम दोन तासांपासून आठ तासांपर्यंत काहीही असू शकतो. तिकीट स्वस्त दिसलं की आधी हा मधला आकडा बघा. एकदा मी हुशारी करून काकांना सव्वा तासाच्या अंतराने जोडलेली दोन विमानं काढून दिली. आखातातल्या एका विमानतळावर पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा पोचलं आणि काकांनी ती रात्र खुर्चीत काढली. अजूनही लग्नकार्यात भेटले की ते सगळ्यांना ऐकवतात. तेव्हापासून ज्येष्ठ मंडळींसाठी तीन तासांच्या खाली मी काढत नाही.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असावीत. वेगवेगळी काढली आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरी कंपनी हात वर करते. सामान कुठपर्यंत जाणार तेही काउंटरवर विचारून घ्या. युरोपातल्या शहरातून बदल असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाआधी बघायचं. तिकिटानंतर नाही.

"डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" एकच ना?

बोलण्यात एकच, विमानांच्या भाषेत नाही. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे एकच फ्लाइट नंबर, पण मध्ये एखादा थांबा असू शकतो.

पुणे, नाशिक, कोल्हापूरकरांनी काय करायचं?

हवेतलं अंतर फार तर तीनशे किलोमीटरने बदलतं, पण खरा प्रश्न सहारपर्यंत पोचण्याचा आहे. पुण्याहून साधारण दीडशे किलोमीटर. कागदावर तीन तास, शुक्रवारी संध्याकाळी किंवा पावसात घाटात अडकलात तर पाच. लंडनच्या दहा तासांची काळजी करणारी माणसं या पाच तासांचा हिशेबच धरत नाहीत. मी पुण्याच्या मावशीला उड्डाणाच्या आठ तास आधी घरातून काढते. ती कुरकुरते. कुरकुरू दे.

मुंबईऐवजी दिल्ली किंवा आखातमार्गे जाता येत असेल तर एकूण तास मांडून बघा, केवळ विमानाचे नाही. आणि २०२५ च्या अखेरीपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तेव्हा आपलं विमान कोणत्या विमानतळावरून आहे ते निघायच्या आधी तिकिटावर वाचा. टॅक्सीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगायचे दिवस गेले.

मग घरातून घरापर्यंत एकूण किती?

डोंबिवली ते हॅरो, आमचा नेहमीचा हिशेब. घर ते विमानतळ दोन तास. विमानतळावर तीन तास आधी. विमान दहा तास. उतरून इमिग्रेशन आणि सामान, दीड ते दोन तास. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित फाटकं चालत नाहीत, माणसासमोरच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि पहाटे एकाच वेळी चार देशांची विमानं उतरली तर ती रांग सापासारखी वळत जाते. त्यापुढे हीथ्रो ते घर एक तास. झाले अठरा. मध्य लंडनला जायचं असेल तर एलिझाबेथ लाइनची गाडी किंवा पिकॅडिली लाइनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, सोयीची. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन स्टेशनला सोडते, पण महाग आहे.

ज्यांना चालायला त्रास होतो त्यांच्यासाठी तिकिटासोबतच व्हीलचेअर मागून ठेवा. लाजू नका. हीथ्रोवर गेटपासून इमिग्रेशनपर्यंत चालणं भरपूर आहे.

पूर्वी किती वेळ लागायचा?

सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडल्यावर बोटीने दोन-तीन आठवडे. विलायतेला जाणाऱ्याला बंदरावर निरोप द्यायला अख्खं कुटुंब जायचं, ते उगाच नाही.

विमानाची सुरुवात अर्धवट झाली. ३० मार्च १९२९ ला इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली. तिला सात दिवस लागत आणि त्यातला एक टप्पा चक्क आगगाडीचा होता. कराचीच्या पुढे विमान नव्हतं. ती उणीव जे. आर. डी. टाटांनी भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी पुस मॉथ नावाचं छोटं विमान स्वतः चालवत कराचीहून टपाल उचललं आणि अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. आपला मघाचा दोरा कराचीवरून का जातो ते भूगोलाने ठरवलं, पण लंडनची पत्रंही त्याच गावावरून मुंबईत येऊ लागली. योगायोग असा की लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच.

मग ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं "मलबार प्रिन्सेस" हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवासी घेऊन सांताक्रूझहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबलं आणि १० जूनला लंडनला उतरलं. चार पंख्यांचं विमान, आजच्या विमानांपेक्षा कितीतरी हळू आणि कितीतरी खालून उडणारं, त्यामुळे हवेतले धक्के सगळे अंगावर. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आली आणि प्रवास दिवसांवरून तासांवर आला. त्यानंतर विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही. वाढलं ते न थांबता उडण्याचं बळ. आणि आज आकाश बंद असलं की विमानं पुन्हा कैरोच्या दिशेने वळतात, मलबार प्रिन्सेस गेली होती त्याच बाजूने.

जेट लॅग जाताना जास्त होतो की येताना?

बहुतेकांना येताना. पश्चिमेला जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, आणि शरीराला उशिरा झोपणं जमतं. पूर्वेला येताना दिवस आखडतो आणि लवकर झोपा म्हटलं तर झोप येत नाही. पहिले दोन-तीन दिवस लंडनला आई-बाबा पहाटे तीनला उठून चहा करतात, बहिणीने आता स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची सवय केली आहे. दुपारी उन्हात फिरायला बाहेर पडणं हा सगळ्यात चांगला उपाय.

बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या वेळेने घ्यायच्या?

जाण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन असेल तर. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. चेक-इनच्या बॅगेत नकोत, ती बॅग एक दिवस मागे राहू शकते. दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा.

संकष्टीच्या दिवशी विमानात असलो तर चंद्रोदय कुठला धरायचा?

हा प्रश्न माझ्या मावशीचा, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. चंद्रोदयाची वेळ गावागणिक बदलते, मुंबई आणि लंडन तर फार लांब. पंचांगं लंडनची वेगळी वेळ देतात, तिथे राहणारे तीच पाळतात. विमानात मात्र त्या क्षणी खाली कोणतं गाव आहे ते कोण सांगणार? मावशीने स्वतःच निकाल लावला: खिडकीतून चंद्र दिसला, तिने हात जोडले आणि ट्रेमधला मोदकाऐवजी आलेला केक खाल्ला.

विमान उतरल्यावर पोचल्याचा फोन किती वाजता येईल?

पडद्यावर "लँडेड" दिसल्यापासून दीड तास तरी धीर धरा. विमान गेटला लागायला पंधरा-वीस मिनिटं, मग चालणं, मग रांग. रांगेत फोन वापरू देत नाहीत, आणि रोमिंग सुरू करायला आमचे बाबा दर वेळी विसरतात. रात्री दोनला निघालेल्या विमानाचा फोन आमच्याकडे दुपारी पावणेदोनच्या सुमारास येतो. त्या दिवशी कोणी जेवायला बसत नाही.